शेवटची गाडी की पहिली? शिंजुकूतला एक वाढदिवस

मैत्रिणीचा तिसावा वाढदिवस डिसेंबरातल्या एका शनिवारी येत होता, म्हणून शुक्रवारी रात्री टोकियोतल्या शिंजुकूला जायचं ठरलं. आम्ही पाच जण. चौघं निशी-कसाईचे, एक जण मिताकाहून येणार. (निशी-कसाई म्हणजे टोकियोतली आपल्या लोकांची वस्ती. वाढदिवसवाली पक्की शाकाहारी आणि पत्त्यात 'कसाई'. हा विनोद तिच्या घरचे तीन वर्षं पुरवून वापरताहेत.)

टोकियोत रात्री बाहेर पडायचं तर आधी एकच गोष्ट ठरवून घ्या: शेवटच्या गाडीने परतायचं की पहिल्या? मधलं काही नाही. मेट्रो मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात बंद होते आणि पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होते. टॅक्सी मिळते, पण रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जादा, आणि शिंजुकू ते निशी-कसाई आठ हजार येनच्या आसपास जातात. आम्ही काय ठरवलं? "बघू."

केक डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून घेतला. ही दुकानं आठला बंद होतात, त्यामुळे ऑफिसातून थेट तिथेच जा. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, घरी पोचायला किती वेळ लागेल? तेवढ्या वेळाचे बर्फाचे पुडे त्या पेटीत घालतात. मी बेधडक "एक तास" म्हणाले. लागले सहा. चॉकलेटच्या पाटीवर कताकाना या जपानी लिपीत नाव लिहून देतात. जपानीत 'ल' नसल्यामुळे तिच्या नावातले दोन्ही 'ल' 'र' झाले आणि त्या रात्रीपुरतं तेच तिचं नाव पडलं. रात्रभर फिरायचं असेल तर क्रीमचा केक घेऊ नका. पेटी संपूर्ण संध्याकाळ माझ्या हातात होती, आणि गर्दीत ती आडवी होऊ न देणं हे एक स्वतंत्र काम होतं.

तिथून महानगर सरकारच्या इमारतीत. पंचेचाळिसाव्या मजल्यावरून, 202 मीटर उंचीवरून शहर बघायला एक येनही लागत नाही. इतर मनोऱ्यांची तिकिटं काढण्याआधी इथे या. रात्री साडेनऊपर्यंत आत सोडतात. खाली बॅग तपासतात. केकची पेटी पाहून रखवालदार काका हसले आणि दोन्ही हातांनी परत दिली.

जेवण ओमोइदे योकोचोत, स्टेशनच्या पश्चिमेला लागूनच असलेल्या त्या धुरकट बोळात. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभा राहिलेला हा बोळ. कोंबडीच्या काड्या भाजायच्या शेगड्या, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. शाकाहारी माणसाला इथे आणणं चूक होती, हे मी कबूल करते. तरी शिइताके मशरूम, शिशितो मिरच्या आणि गिंको बिया भाजून मिळाल्या. फक्त "शिओ", म्हणजे मीठ लावून, असं आठवणीने सांगा, कारण सॉसमध्ये काय असेल ते खरं नाही. शेगडी तीच असते, तेही चालत नसेल तर आधी घरून खाऊन निघा. बसल्या बसल्या न मागता एक वाटी समोर येते, तिचे तीनचारशे येन बिलात लागतात. त्याला ओतोशी म्हणतात, ती जागेची किंमत समजा, भांडू नका. आणि डिसेंबर म्हणजे ऑफिसांच्या बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरीच्या पार्ट्यांचा महिना, शुक्रवारी पाच जणांना एकत्र जागा हवी तर बुकिंग करूनच जा.

ते शहाणपण गोल्डन गाईत कामाला येत नाही. सहा अरुंद गल्ल्या, दोनशेच्या वर बार, आणि एकेका बारमध्ये सहा-आठ स्टुलं. पाच जणांना कोणी घेईना. शेवटी दोन आणि तीन असे विभागलो, आणि जिच्यासाठी आलो ती दुसऱ्या बारमध्ये. तासभर आम्ही दोघं तिच्या नावाने "कानपाई", म्हणजे चिअर्स, करत बसलो, ती चार दारं पलीकडे. कव्हर चार्ज दारावर लिहिलेला असतो, तो वाचूनच आत शिरा. रोख जवळ ठेवा. गल्लीत फोटो काढू नका. तिथे जाताना काबुकिचो या बार-क्लबांच्या वस्तीत कोणी गोड बोलून "स्वस्तात बार दाखवतो" म्हणालं तर मान खाली घालून चालत राहा. भोंग्यावरूनही हेच सांगत असतात.

पावणेबाराला सगळ्यांना गोळा करून निघालो. गाडी मिळाली असती. तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. टोकियोत बारा म्हणजे पुण्यात साडेआठ. "इथे अजून शुक्रवारच आहे, पण तुमच्याकडे लागला ना वाढदिवस!" काकू ताम्हन घेऊनच बसल्या होत्या. गल्लीत आवाज ऐकू येईना, म्हणून मागच्या हानाझोनो देवळाच्या पायऱ्यांवर गेलो. गारठ्याने नाक लाल झालेलं, मफलर गुंडाळलेली आमची तिशीतली मुलगी फोनसमोर मान झुकवून उभी, आणि पडद्यात निरांजन वर-खाली होतंय. मग कपाळाला कुंकू म्हणून काकूंनी फोनच्या काचेलाच बोट लावलं आणि आम्हाला सगळं लालच दिसायला लागलं. त्यानंतर बाबा, मग आजी. घड्याळ सगळ्यांना दिसत होतं, पण आजीला "गाडी चुकेल" असं कोण सांगणार? चुकली.

मग कराओके. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंतचं पॅकेज मिळतं, पेयं धरून. शुक्रवारी महाग, पण टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त. बाहेरचा केक चालेल का, हे आधी विचारा. आम्हाला चालेल म्हणाले, फक्त मेणबत्ती नको. टॉर्च लावून कापला. क्रीम एका बाजूला घसरलं होतं, पाटी मात्र शाबूत. यादीत मराठी गाणी सापडली नाहीत, तेव्हा फोनवर लावून माइक त्याला टेकवला. तीनला भूक लागली, वाढदिवसवालीसाठी फ्रेंच फ्राइजच्या तीन प्लेटी. कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, उमे ओनिगिरीही (आंबट उमे फळ भरलेला भाताचा गोळा) चालते, पण कधी कधी तिच्यातही माशाचा अर्क असतो, पाकिटामागचं कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा.

आणि रेसिडेन्स कार्ड, म्हणजे इथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र, खिशात असू द्या. कायद्याने ते जवळ हवंच, शिवाय दारूचं किमान वय वीस, त्याचा पुरावाही तेच.

पहाटे पाचला यामानोतेने दोन स्टेशनं ताकादानोबाबा, तिथून तोझाई लाइन. डबाभर माणसं माना टाकून झोपलेली. मिनामी-सुनामाचीनंतर गाडी जमिनीवर येते आणि अंधारातच आराकावा नदी ओलांडते. पूल लागला की उठून उभं राहायचं, हा आमचा नियम. नाहीतर डोळे उघडतात ते निशी-फुनाबाशीला. ती रिकामी पेटी मांडीवर घेऊन घोरत होती, तिला हलवून सांगितलं, "ऊठ, कसाई आलं."