त्या दिवशी मी दुसऱ्याच लग्नात होते

लग्नाच्या तारखा वर्षभर सारख्या विखरून येत नाहीत. ठरावीक महिन्यांत गर्दी असते आणि त्यातही ठरावीक दिवसांवर झुंबड. ज्या दिवसासाठी एक घर चौकशी करतं त्याच दिवसासाठी आणखी तीन-चार घरं करतात, आणि नंतर कितीतरी दिवस फोन वाजत नाही. लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय वाढायचा थांबतो तो इथेच. हातात कितीही कसब असलं तरी एका माणसाला एका दिवशी एकाच लग्नात उभं राहता येतं. नाही म्हणाल तितकी कामं दुसरीकडे जातात, आणि ज्यांना नाही म्हटलं ते पुढे कुणाला तुमचं नावही सुचवत नाहीत.

यावर दोनच मार्ग असतात. एक, दर वाढवत जायचं आणि मोजकी कामं घ्यायची. तो मी काही वर्षं चालवला, पण दराला कुठेतरी छत असतंच. दुसरा, आपल्यासारखंच काम करणारी दुसरी टीम उभी करायची. बोलायला सोपं आहे. फोटोग्राफीत माल आधी तयार नसतो. क्लायंट तुमचे जुने फोटो बघतो आणि न काढलेल्या फोटोंसाठी ॲडव्हान्स देतो. त्याने विश्वास ठेवलेला असतो तो एका माणसाच्या नजरेवर. ती नजर दुसऱ्या कुणाच्या हाती कशी द्यायची?

माझ्याकडे एक मुलगा सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरसोबत दुसरा कॅमेरा चालवणारा, म्हणून बरीच वर्षं होता. त्याला मी लेन्स आणि सेटिंग्ज फारशा शिकवल्या नाहीत, ते त्याला येतच होतं. प्रत्येक लग्नानंतर फोटो निवडायला मात्र शेजारी बसवलं. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो निघतात, हातात द्यायचे असतात सहा-सातशे. कुठला ठेवला, कुठला टाकला आणि का, हे प्रत्येक फोटोमागे बोलायचं. माझ्या मते या कामातलं खरं शिक्षण या खुर्चीवर होतं, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. तिथे एकच नियम होता, तोही पाठ करून घेतलेला: सुरक्षित फ्रेम आधी. म्हणजे चेहरे स्पष्ट, डोळे उघडे, सगळे फ्रेममध्ये. ती मिळाली की मग तुला जे दिसतंय ते काढ.

एका तारखेला दोन कामं आली तेव्हा दुसरं त्याच्याकडे सोपवायचं ठरवलं. ॲडव्हान्स घ्यायच्या आधी मी त्या घरच्यांना सांगितलं की त्या दिवशी मी नसेन, हा असेल. त्याला त्यांच्यासमोर बसवलं, त्याने काढलेले फोटो त्याचेच म्हणून दाखवले, आणि करारात प्रमुख फोटोग्राफर म्हणून त्याचं नाव लिहिलं. असं सांगितल्यामुळे काही कामं हातची गेली आहेत, जाऊ देत. आपल्या नावावर बुकिंग घ्यायचं आणि लग्नाच्या दिवशी सकाळी अनोळखी पोरगा कॅमेरा घेऊन दारात उभा करायचा, हा प्रकार या व्यवसायात चालतो आणि मला त्याची मनापासून चीड आहे. लग्न पुन्हा होत नाही. त्या घराला दुसरा फोटोग्राफर निवडायची संधीच उरलेली नसते.

त्या दिवशी सकाळी निघायच्या आधी आम्ही सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर नंतर चार कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार लावताना विधी आधी आणि आगमन नंतर असा गोंधळ होतो. प्रत्येक कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हींवर एकाच वेळी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल. मग तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या.

संध्याकाळी माझ्याकडचा मुख्य विधी आटोपल्यावर फोन पाहिला. त्याचा मेसेज होता, "ताई, हॉलची लाइट गेलीय. जनरेटर अर्धाच लोड घेतोय. सेफ फ्रेम मिळाल्या." पुढे काही नाही. काय करू, असंही विचारलेलं नाही. मला वाटलं, सगळं टाकून निघावं. ते ठिकाण तासाभराच्या अंतरावर होतं, माझ्याकडे अजून ग्रुप फोटो बाकी होते, आणि मी तिथे पोहोचून दिवा लावणार नव्हते. मी एवढंच विचारलं, "दोन्ही स्लॉटवर लिहिलं जातंय ना?" उत्तर आलं, "हो. एका बॉडीचं कार्ड एरर देतंय, काढून ठेवलंय." मी पुन्हा कॅमेरा उचलला.

तिथे काय झालं ते रात्री कळलं. मुख्य विधी सुरू होण्याच्या बेतात वीज गेली. पाहुणे खोळंबले होते, म्हणून घरच्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. जनरेटरवर फक्त स्टेजचे दिवे लागले, तेही मिणमिणते, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात भिंतीवर उंच एक इमर्जन्सी दिवा. अशा वेळी हात आपोआप फ्लॅशकडे जातो. पण थेट फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतो. पुढचा माणूस पांढराफटक, मागची रांग काळोखात. छत उंच आणि गडद रंगाचं, त्यामुळे बाउन्स करायची, म्हणजे फ्लॅश छतावर मारून उजेड परतवायची सोय नाही. त्याने सोबतच्या मुलाला स्टेजच्या पांढऱ्या पडद्याशेजारी उभं केलं, फ्लॅश पडद्यावर मारायला लावला आणि सांगितलं, "तू इथून हलायचं नाही, फक्त चेहरे."

आणखी एक अडचण होती, जी पडद्यावर मोठं करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/२०० किंवा १/५०० सेकंदावर ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. डोळ्यांना काहीच जाणवत नाही, घरी येऊन फाइल उघडल्यावर कळतं, आणि ते पट्टे काढताना रडायची वेळ येते. जनरेटरवर ती वारंवारता स्थिरही राहत नाही. त्याने पहिल्या दोन फ्रेम मोठ्या करून पाहिल्या, शटर १/५० वर आणलं, म्हणजे दिव्याचे दोन पूर्ण चढउतार एका फोटोत मावतील इतकं संथ, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० केला आणि माणसं हलायची थांबतील ते क्षण धरून काढत गेला.

रात्री स्टुडिओत आधी कार्डं. एरर देणाऱ्या कार्डावर त्याने चिकटपट्टी लावून ते वेगळ्या खिशात ठेवलं होतं. फॉरमॅट केलेलं नाही, पुन्हा कॅमेऱ्यात घातलेलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. कार्ड बिघडलं किंवा चुकून फाइल उडाली तरी तिचा मजकूर बहुतेकदा तिथेच असतो, वर नवीन काही लिहिलं की मात्र जातो. इथे ती वेळ आली नाही, दुसऱ्या स्लॉटच्या कार्डावर सगळे फोटो होते. दोन डिस्कवर कॉपी झाल्या, तिसरी ऑनलाइन चढायला लागली, आणि मग आम्ही फोटो उघडले.

सोबतच्या मुलाचे फोटो उजळ, स्वच्छ, चेहरे दिसणारे. ते पाहून जिवात जीव आला. नंतर त्या दिवशीच्या प्रमुखाचे उघडले. त्या इमर्जन्सी दिव्याचा उजेड चेहऱ्यांवर बाजूने पडेल असा तो उभा राहिला होता. प्रत्येक चेहरा अर्धा उजेडात, अर्धा नाहीसा. वीज गेली त्या क्षणाचा एक फोटो आहे. नवरीने आईचं मनगट धरलंय, इतकं घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलीत, आणि आईने तिच्याकडे न बघता दुसरा हात त्या बोटांवर ठेवलाय. दोघींचे चेहरे अंधारात आहेत. उजेड आहे तो फक्त हातांवर.

हा माझा फोटो नव्हता. माझी पद्धत उजळ आहे. दोन्ही बाजूंनी मऊ प्रकाश, मोकळे चेहरे, रंग खुलून आलेले. स्टुडिओचा पोर्टफोलिओ तसा आहे आणि या घरानेही तोच पाहून होकार दिला होता. त्याचे फोटो दाखवले होते ते खरे, पण तेही माझ्या पद्धतीने एडिट केलेले. एडिटिंग करणाऱ्या मुलीने सरळ विचारलं, "ताई, शॅडो उचलू का?" मी स्वतः करून पाहिलं. दोन स्टॉप वर नेलं, म्हणजे चौपट उजेड. आईचा चेहरा दिसायला लागला, त्यावर रंगीत दाणे आले, मागे रिकाम्या खुर्च्या आणि वायरी उगवल्या. चेहरा मिळाला आणि हात गेले. उगवलेल्या खुर्च्यांमध्ये त्या हातांकडे कुणी बघणारच नव्हतं.

दोन दिवस विचार केला. स्टुडिओचं नाव म्हणजे ठरलेला रंग, ठरलेला उजेड, ही अपेक्षा चुकीची नाही. त्यासाठीच लोक येतात. पण त्याचं काम माझ्या साच्यात बसवायचं असेल तर मला आणखी एक नजर मिळत नव्हती, आणखी दोन हात मिळत होते. मी मूळ फोटो तसेच ठेवले.

घरच्यांना लिंक पाठवली नाही, स्टुडिओत बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवले. नवरीच्या वडिलांना आवडले नाहीत. "चेहरे कुठेत हो?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि त्यांचं बरोबर होतं. घरातल्या माणसांनी नटूनथटून यायचं आणि ती दिसायचीच नाहीत, हे कुठल्या बापाला चालेल? त्यांना दुसऱ्या मुलाचे फोटो दाखवले तेव्हा ते निवळले. नवरी हातांच्या फोटोपाशी थांबली आणि म्हणाली, हा मोठा करून हवाय. शेवटी दोन अल्बम झाले, एक घरचा, एक नवरा-नवरीचा. सुरक्षित फ्रेम नसत्या तर ही बैठक कशी गेली असती, याचा विचारही करवत नाही. अंधारातला फोटो काढायची मोकळीक त्याला त्या पांढऱ्या पडद्याशेजारी उभ्या असलेल्या मुलामुळे मिळाली होती.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. त्याचा पोर्टफोलिओ वेगळा केला, त्याच्या नावाने, त्याच्या रंगात. त्याच्या कामात त्याला पगाराऐवजी हिस्सा ठरला. काढलेले फोटो तो स्वतःच्या नावाने कुठेही दाखवू शकतो, हे करारात घातलं. ओळखीच्या दोघा-तिघांनी वेड्यात काढलं, म्हणाले, उद्या तो स्वतःचं दुकान टाकेल. टाकेलच. चांगला फोटोग्राफर आयुष्यभर दुसऱ्याच्या पाटीखाली राहत नाही, आणि त्याला अडवणारी कलमं लिहून मला माझ्याच माणसाशी भांडत बसायचं नाहीये. जितकी वर्षं तो इथे आहे तितकी वर्षं आमच्या दोघांच्याही तारखा भरलेल्या असाव्यात, एवढं मला पुरतं.

आता पहिल्या भेटीत मी दोन्ही अल्बम पुढे ठेवते आणि कोण हवं ते विचारते. बरेच जण माझा उचलतात, काही जण त्याचा. ज्या तारखेला त्याचं बुकिंग असतं आणि माझं नसतं, त्या दिवशी मी त्याची सेकंड शूटर म्हणून जाते. सुरक्षित फ्रेम माझ्याकडे असतात.