तुम्ही विचारलंत म्हणून : घरात हिंसा करणाऱ्या माणसाशी आपण कसे वागावे?

घरगुती हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते, आणि एक प्रश्न मला सतत विचारला जातो. तो विचारणारी व्यक्ती बहुधा त्या पुरुषाची बहीण, आई किंवा जवळचा मित्र असते. "बाहेर तो कुणाला वाकडा शब्द बोलत नाही, मग घरीच त्याचा तोल का जातो? आणि आम्ही त्याच्याशी वागायचे कसे?" आजवर हे उत्तर मी तुकड्यातुकड्यांनी देत आले, आज ते सलग लिहिते आहे.

त्याचा तोल जात नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याचा खरोखर तोल जातो, त्याचा तो वरिष्ठांसमोर आणि पोलिसांसमोरही जायला हवा. हा माणूस मात्र दिवसभर अपमान गिळतो आणि दार बंद झाल्यावरच हात उचलतो. वळ कपड्यांखाली झाकले जातील अशा ठिकाणी मारतो. वस्तू फोडतो त्या तिच्या, स्वतःच्या नव्हेत. आणि मध्येच दाराची घंटा वाजली, तर क्षणात शांत होऊन पाहुण्याचे हसतमुखाने स्वागत करतो. इतकी निवड ज्याला करता येते, त्याचा स्वतःवर ताबा नाही असे कसे म्हणावे? त्याला ताबा हवा असतो तो तिच्यावर, आणि राग हे त्यासाठीचे एक साधन असते. पैशांचा पै-पै हिशेब मागणे, फोन तपासणे, तिला माहेरच्यांपासून आणि मैत्रिणींपासून तोडणे, रात्रभर वाद घालून झोपू न देणे, मुलांसमोर तिला वेडी ठरवणे ही इतर साधने. ती पुरेशी ठरली, तर महिनोन्महिने मारण्याची गरजही पडत नाही, आणि बाहेरच्यांना वाटते की आता सारे सुरळीत आहे. इव्हान स्टार्क या अभ्यासकाने या साऱ्याकडे सुट्या घटना म्हणून न पाहता एक सलग वर्तन म्हणून पाहायला शिकवले, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने असे सततचे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरवला.

यावर लगेच त्याचे बालपण, दारू, गेलेली नोकरी पुढे केली जाते. ही कारणे खोटी नाहीत. लहानपणी घरात मारहाण पाहिलेल्यांमध्ये पुढे हिंसा करण्याचा धोका वाढतो, आणि दारूमुळे इजा अधिक गंभीर होते. पण तशाच घरांत वाढलेली कितीतरी माणसे आपल्या जोडीदाराला बोटही लावत नाहीत, आणि दारू सुटल्यावरही हिशेब, पाळत आणि धमक्या चालूच राहिल्याचे मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडणाऱ्या गोष्टीला थोड्या आजारी माणसांची विकृती मानता येत नाही. (पुरुषही बळी ठरतात आणि त्यांचे दुःख कमी नसते, माझे काम ज्यांच्याशी आहे, त्यांना धरून मी लिहिते आहे.) तो हिंसा करतो, कारण त्यातून त्याला काही मिळते: शेवटचा शब्द त्याचा राहतो, नकार ऐकावा लागत नाही, आणि त्याची किंमत दुसरेच कुणी मोजते.

म्हणून आपल्या वागण्याने हा फायदा वाढतो की कमी होतो, हे आपण आधी तपासावे. "त्याचा स्वभावच तापट आहे, तू जरा सांभाळून घे" हे वाक्य त्याच्या पदरात सर्वाधिक टाकते. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे त्याहून धोक्याचे आहे, कारण त्या बैठकीत ती जे खरे बोलेल, त्याची शिक्षा तिला रात्री भोगावी लागते. स्त्रियांवरील हिंसेविषयीच्या २०११च्या इस्तंबूल करारात सक्तीच्या मध्यस्थीला मनाई आहे, ती उगीच नव्हे.

त्याच्याशी बोलण्यापूर्वी तिला एकटीला विचारा. तिने आपल्याजवळ सांगितलेले त्याच्या कानावर घालू नका. त्याने कधी गळा दाबला असेल, शस्त्र दाखवले असेल किंवा "सोडून गेलीस तर मारून टाकीन" असे म्हटले असेल, तर ती जिवावरची सूचना समजा. वेगळे होण्याचा काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. तिथे त्याला समजावण्याचे काम आपले नव्हे. तिच्या सुरक्षिततेची तयारी आणि पोलिसांची मदत आधी.

धोका एवढा नसेल आणि तिची हरकत नसेल, तर तुम्ही स्वतः जे पाहिले, तेवढ्याविषयीच बोला. "काल तू तिचा हात पिरगाळलास, मी पाहिले, आणि ते चूक होते" एवढे वाक्य पुरे. तो आधी नाकारेल, मग तिच्यावर उलटेल, आणि शेवटी आपणच कसे छळले जातो हे डोळ्यांत पाणी आणून सांगेल. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी १९९७मध्ये नेमका हाच क्रम नोंदवला आहे. ते अश्रू खरेही असू शकतात. त्याचे दुःख ऐकावे, मात्र तिच्याविषयीच्या तक्रारी सुरू होताच "तू काय केलेस, तेवढे सांग" असे म्हणून त्याला परत आणावे. त्याला अपमानित करून काही साधत नाही. त्या अपमानाची वसुली घरीच होते.

केवळ राग आवरायला शिकवणारे वर्गही मला अपुरे वाटतात. हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठीचे वेगळे कार्यक्रम अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १९७७पासून आणि डुलुथमध्ये १९८०च्या दशकापासून चालत आले आहेत. त्यांच्या परिणामांविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत, तरीही ज्या कार्यक्रमांत न्यायालय, पोलीस आणि तिच्या बाजूचे कार्यकर्ते एकमेकांच्या संपर्कात असतात, त्यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे, कारण तिथे त्याच्या शब्दाखेरीज दुसरी साक्षही असते.

तो बदलला का, हे त्याच्या माफीवरून ठरवू नका. "पण तिने" हे शब्द न उच्चारता तो केलेले सांगतो का, तिचा नकार, तिचा पैसा आणि तिची माणसे तिची राहू देतो का, आणि ती परत येणार नाही असे कळल्यावरही तसाच वागतो का, हे बराच काळ पाहावे लागते. आणि याचे उत्तर त्याला नव्हे, तिला विचारावे, तो घरात नसताना.