काळ्या रानाची मोजदाद: अहवालातला आकडा कधी खरा धरायचा

२०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारं सरकारी माती-तपासणीचं कार्ड, सुरू झाली, तेव्हा नमुन्यांचं गणित असं ठरलं होतं: बागायतीत २.५ हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत १० हेक्टरला एक. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या दोन एकरांच्या कोरडवाहू तुकड्याच्या पत्रिकेवरचे बारा आकडे शेजाऱ्याच्या रानातले असू शकतात. खताचा ढोबळ अंदाज बांधायला ते चालतात. पण आपली जमीन सुधारतेय की खालावतेय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तीच जागा, तोच महिना आणि तीच प्रयोगशाळा लागते. खालचं सगळं काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीसाठी आहे. कोकणातल्या जांभ्या मातीचे नियम वेगळे.

रानात २० बाय २० मीटरचा एक चौकोन कायमचा नेमा. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकतं, म्हणून बांधावरच्या दगडापासून पावलं मोजून ठेवलेली बरी. दुसरा तसाच नमुना न नांगरलेल्या गवताळ बांधातून किंवा लगतच्या पडीकातून घ्या. एरवी बांधाची माती नमुन्यात येऊ देत नाहीत, पण इथे ती वेगळ्या पिशवीत मुद्दाम हवी. त्या मातीची ऐपत किती, हे तिथेच दिसतं.

तूर किंवा हरभरा निघाल्यावर, नांगरटीच्या आधी नमुना काढा. नांगरल्यावर माती फुगते आणि १५ सेंमी खोलीत प्रत्यक्षात कमी माती येते. चौकोनात नागमोडी फिरत दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि एका बाजूची दोन बोटं जाड चकती वरपासून १५ सेंमीपर्यंत तासा. १५ ते ३० सेंमीचा थर वेगळ्या घमेल्यात. भेगेपासून वीतभर लांब राहा: वरची भुसभुशीत माती भेगेत घरंगळलेली असते, त्यामुळे खालच्या थराचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन) उगाच जास्त दिसतो. जस्त तपासायचं असेल तर घमेलं प्लास्टिकचं हवं, गॅल्व्हनाइज्ड बादली नको. खताची रिकामी गोणी तर अजिबात नको. सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत.

आता मुख्य मुद्दा, सेंद्रिय कर्ब. पुढच्या चुका बहुतेक इथेच होतात.

आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात: पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल. त्यात मातीतला सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्के जळतो. म्हणून काही ठिकाणी आलेल्या आकड्याला १.३ ने गुणतात, काही ठिकाणी नाही. एकच माती एकीकडे ०.५० तर दुसरीकडे ०.६५ दाखवेल. कुणी कर्बाऐवजी सेंद्रिय पदार्थ लिहिला, म्हणजे १.७२४ ने गुणलं, तर ०.५० चे ०.८६ होतात. प्रयोगशाळा बदलली आणि ‘जमीन सुधारली’, असं अनेकदा होतं ते यामुळे. क्षारपड मातीत क्लोराइडमुळेही कर्ब फुगून येतो. न चाळलेली मुळं आणि धसकटाचे तुकडेही तेच करतात.

आकडा शक्य आहे का, हे कागदावर पडताळता येतं. कर्बाचा टक्का गुणिले स्थूल घनता (एक घन सेंमी वाळल्या मातीचं ग्रॅममधलं वजन) गुणिले खोली सेंमीत, म्हणजे हेक्टरी टन. ०.५ टक्के, घनता १.३, खोली १५: हेक्टरी ९.७५ टन कर्ब. एका वर्षात हा ०.८ वर गेला म्हणणाऱ्याने ५.८५ टन कर्ब जमिनीत टिकवून दाखवायला हवा. हेक्टरी १० टन शेणखतातून जेमतेम दीड-दोन टन कर्ब जातो आणि त्यातला बराचसा वर्ष-दोन वर्षांत जिवाणूंच्या श्वासावाटे हवेत निघून जातो. तेव्हा असा अहवाल आला की पेढे वाटू नका, नमुना पुन्हा पाठवा.

चूक किती असू शकते, हे ओळखायला दोन स्वस्त युक्त्या आहेत. एकच नमुना दोन पिशव्यांत, दोन नावांनी पाठवा. उत्तरं ०.५२ आणि ०.५८ आली, तर पुढच्या वेळचा ०.०५ चा फरक हा फरकच नव्हे. दुसरी: पहिल्या वर्षीची किलोभर वाळलेली माती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि दर खेपेला नव्या नमुन्याबरोबर तिचाही भाग पाठवा. जुन्या मातीचाच आकडा वाढला असेल, तर बदललीय ती प्रयोगशाळा. कर्बासाठी दरवर्षी पैसे घालवू नका, तीन-चार वर्षांनी एकदा पुरे.

पाणी मुरण्याची मोजणी मात्र घरची. १५ सेंमी आतल्या व्यासाचा पीव्हीसीचा तुकडा ७.५ सेंमी जमिनीत ठोका, ४४० मिली पाणी ओता. ते अडीच सेंमी उभं राहतं. पहिलं पाणी नुसतं भिजवायला. तेवढंच दुसरं ओतून पट्टीने अर्ध्या तासातली घट मोजा. उन्हाळ्यात हे करू नका, भेगा पाणी गिळतात आणि जमीन फार गुणी वाटते. भेगा मिटल्यावर, ऑगस्टच्या वाफशात करा. त्याच दिवशी ३० सेंमीचा घनाकार खड्डा खणून गांडुळं मोजा. ११ ने गुणलं की चौरस मीटरची संख्या येते. बांधाजवळच्या खड्ड्याशी ताडून पाहा, एकटा आकडा मुका असतो.

बोअरचं पाणी देत असाल तर ढेकळाची परीक्षा चुकवू नका. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. काळं ढेकूळ पाण्यात फुटून बारीक कणी पडणं नेहमीचंच. पण भोवती दुधाळ वलय उठलं आणि दोन तासांनीही बसलं नाही, तर सोडियम वाढतोय, जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) व्हायला लागलीय. हीच परीक्षा बोअरच्या पाण्यात केली तर त्यातले क्षार वलय उठू देत नाहीत आणि रोग झाकला जातो.

क्षारतेच्या आकड्यातही एक फसवणूक आहे. पुस्तकातली ४ डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने जेमतेम भरलेल्या मातीच्या चिखलातून काढलेल्या पाण्याची असते, आपल्या अहवालातला आकडा बहुधा एक भाग माती, अडीच भाग पाणी अशा मिश्रणातला. तिथे धोक्याची रेघ १ च्या आसपास आहे. १.६ आला आणि ‘४ च्या आत आहे’ म्हणून उसाला पाटपाणी सोडत राहिलं, तर पुढे चर खोदून निचरा काढावा लागतो, तोही पाणी बाहेर जायला उतार असला तरच.