इतवारीतली चौकशी

भाच्याला मित्रासोबत संत्र्यांच्या धंद्यात उतरायचंय. म्हणून आज नागपूरच्या इतवारी बाजारात ओळखीच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेलं. त्यांनी भांडवल विचारलंच नाही. "उधारी कोण वसूल करणार? चेकवर सह्या कोणाच्या?" पोरगं गप्प!

भागीदारी फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या अंगावर येतं, अगदी घरादारापर्यंत. शिवाय १९३२ च्या कायद्यानुसार फर्मची नोंदणी नसेल, तर करारातल्या हक्कासाठी जोडीदारावर साधा दावाही लावता येत नाही. (हे बहुतेकांना वकिलाकडे गेल्यावरच कळतं.)

तिथूनच भाच्यानं मित्राला फोन लावला. तो म्हणे, "आपल्यात कागद कशाला बे?" मला तर तिथंच खटकलं. सोमवारी दोघांना सीएकडे नेतोय. मित्र येतो का, पाहू.