काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाचा माग: नागपूर ते वायपर बेट

'आमच्या पणजोबांचा लंगोटीयार काळ्या पाण्यावर गेला, तो काही परत आला नाही.' विदर्भातल्या बऱ्याच घरांत अशी एखादी गोष्ट असते. ती मनात घेऊन माणूस पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) उतरतो आणि थेट सेल्युलर जेलमधल्या पाट्यांवर नाव शोधू लागतो. तिथे ते सापडत नाही आणि सापडणारही नाही. त्या पाट्या राजकैद्यांच्या आहेत. दरोडा, खून, दंगा अशा गुन्ह्यांत गेलेले हजारो साधे कैदी त्यांवर नाहीत. दुसरं म्हणजे जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये संपलं, आणि कैद्यांची पहिली तुकडी, २०० जणांची, अंदमानात उतरली १० मार्च १८५८ ला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक माणसं तिथे गेली, राबली आणि मेली, तेव्हा ही इमारत नव्हतीच. सहल विकणारा यातलं काही सांगत नाही. सगळी तिकिटं काढून झाल्यावर हे कळलं की फार चिडचिड होते. म्हणून हा क्रम नीट पाळा.

पहिलं काम नागपुरातच. राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय इथेच आहे. ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि पेन्सिल घेऊन जा. पेन बाहेरच ठेवा. नुसतं माणसाचं नाव घेऊन गेलात तर दिवस वाया जाईल. नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि अंदाजे साल, एवढं हवंच. इंग्रज कारकुनानं नाव कानाला जसं लागलं तसं लिहिलंय, म्हणून विठोबाची चार स्पेलिंगं आधी कागदावर मांडून घ्या. गाव अमरावती, अकोला, यवतमाळकडचं असेल तर वऱ्हाड १९०३ पर्यंत मध्यप्रांतात नव्हतं, त्याआधीचे कागद वऱ्हाडच्या दप्तरात बघावे लागतात. शिक्षा १८५७ च्या आधीची असेल तर अंदमानचा विचारच सोडा. तेव्हा कैदी पेनांग, सिंगापूर, ब्रह्मदेशातल्या मोलमीनकडे जात.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खटल्याचा निकाल आणि कैद्याचं वर्णनपत्रक: उंची, अंगावरच्या खुणा, कलम. दोन मित्रांतला एक गेला आणि दुसरा गावातच कसा राहिला, याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. १८६० च्या दंडसंहितेच्या ५९ व्या कलमानं ७ वर्षं किंवा जास्त कैदेच्या गुन्ह्यात कैदेऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा द्यायची मुभा न्यायाधीशाला होती. त्यामुळे एकाच खटल्यातला एक जहाजावर आणि दुसरा इथल्याच तुरुंगात, असं होऊ शकायचं. आणि मनाची तयारी ठेवा: दरोड्याच्या खटल्यात मागे राहिलेला मित्र माफीचा साक्षीदार निघू शकतो. घरातल्या गोष्टीत हा भाग नसतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगायचं की नाही, हे कागद बघण्याआधीच ठरवा.

जपानी ताब्याच्या काळात, १९४२ ते ४५ मध्ये, पोर्ट ब्लेअरमधली बरीच कागदपत्रं गेली. म्हणून तिकडचं दप्तर तिकडे शोधत बसू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेच्या फायली आहेत, आणि 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या नाव टाकून बघता येतं.

आता प्रवास. नागपूरहून थेट विमान नाही. तामिळनाडू एक्सप्रेस किंवा ग्रँड ट्रंकनं चेन्नई, आणि पुढे विमानानं सव्वादोन तास. पण जो माग काढायला निघालाय त्यानं जाताना जहाजच घ्यावं. पूर्वीही बरेच कैदी कलकत्त्याहून किंवा मद्रासहून चढवत, आणि आजही चेन्नईहून साधारण ६० ते ७० तास लागतात. बंक क्लास स्वस्त आहे, तरी घेऊ नका. खालच्या डेकवर खिडकी नाही, हवा कोंदट, आणि एकाला उलटी झाली की सगळी रांग लागते. निदान सेकंड क्लासची केबिन घ्या. बेटावरच्या रहिवाशांचं भाडं वेगळं आणि कमी असतं, कोणी तो आकडा सांगितला तर भुलू नका. मळमळीची गोळी जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यायची, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्च सोडून दुसरा महिना धरू नका. परतीला मात्र विमान. जहाजाची तारीख आयत्या वेळी सरकते आणि चेन्नईहून पुढची रेल्वे हातची जाते.

आणि आता वायपर बेट. सगळा राग इथे आहे. सेल्युलर जेलच्या आधीचं तुरुंग आणि फाशीघर पोर्ट ब्लेअरच्या बंदरातल्या या बेटावर. साखळदंडातले कैदी इथे ठेवत. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ८ फेब्रुवारी १८७२ ला मारणाऱ्या शेर अली या कैद्याला इथेच ११ मार्चला फाशी दिली. तुमचा माणूस १८७०-८० च्या सुमाराला गेला असेल, तर त्याचा संबंध सेल्युलर जेलपेक्षा या बेटाशी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि नेमकं इथेच लुबाडतात. 'तीन बेटं' म्हणून पैसे घ्यायचे, रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) आणि नॉर्थ बेला अख्खा दिवस घालवायचा, आणि वायपरला संध्याकाळी टेकायचं. वीस मिनिटांत भोंगा वाजतो. धक्क्यापासून टेकडीवरच्या विटांच्या फाशीघरापर्यंत चढायचं, खाली मोडकळीला आलेल्या भिंती बघायच्या, यातलं काहीच त्या वेळेत होत नाही. वरून अंदमानात अंधार लवकर पडतो, हिवाळ्यात पाचनंतर फोटोही येत नाही. कधीकधी तर बोट नुसती बेटासमोरून फिरवून आणतात, आणि तक्रार केली की भरतीचं कारण पुढे करतात.

उपाय एकच. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: वायपरवर उतरवणार का, किती वाजता, किती वेळ. उत्तरं पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तिथून उठा. आठदहा जण जमवून सकाळची वेगळी बोट ठरवणं महाग पडतं, पण आमचं स्पष्ट मत आहे की हॅवलॉक बेटाचा (आता स्वराज द्वीप) एक दिवस कापा आणि तो पैसा इथे लावा. किमान एक तास हवा. पाणी सोबत ठेवा. नागपूरच्या ४५ अंशांची सवय इथे कामाची नाही. आपल्याकडे घाम वाळतो, इथे वाळतच नाही आणि टेकडी चढताना गरगरतं.

मेयोला जिथे मारलं ते होपटाऊन बघायला टूर लागत नाही. चाथमच्या धक्क्यावरून बांबूफ्लॅटला सरकारी फेरी जाते, अगदी थोड्या पैशांत, आणि पुढे रिक्षा. चाथमची लाकूड गिरणी (१८८३ ची) त्याच वाटेवर आहे, फक्त रविवारी बंद असते.

सेल्युलर जेल बघाच, पण वेगळ्या नजरेनं. गर्दी वरच्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीकडे धावते, ती जाऊ द्या. तुम्ही खालच्या मजल्यावर एका कोठडीच्या दाराशी थांबा. कडीचा दांडा दारातून निघून भिंतीतल्या कोनाड्यात जातो आणि कुलूप तिथे, गजांतून काढलेला हात पोचणार नाही इतकं लांब. मग समोर बघा. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे. सातपैकी आता पहिली, सहावी आणि सातवी एवढ्याच उरल्यात, तरी रचना कळते: एकाच गावचे दोघे इथे वर्षभर असले तरी एकमेकांचं तोंड दिसू नये, असा बेत. बाबाराव आणि विनायकराव हे सख्खे भाऊही एकाच जेलमध्ये असून त्यांना भेटू देत नव्हते. संग्रहालयात गळ्यातला लाकडी बिल्ला बघा, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख असायची. पुराभिलेखातल्या कागदावरचं कलम ठाऊक असेल तर तो बिल्ला वाचता येतो.

जन्मठेपेचा कैदी चांगल्या वर्तणुकीवर साधारण २० ते २५ वर्षांनी सुटू शकत असे. 'परत आला नाही' म्हणजे मेलाच असं नाही. दहाएक वर्षांनी स्वतःचं कमावून राहायची मुभा मिळे. कैदी स्त्रीशी लग्न करता येई किंवा गावाकडून बायकोला बोलावता येई. त्या कुटुंबांचे वंशज 'लोकल बॉर्न' म्हणून आजही तिथे आहेत. हिंदुस्थानी बोलतात, मोकळेपणानं बोलतात. त्यांना 'तुमच्या पूर्वजाचा गुन्हा काय?' असं विचारू नका. गाव कोणतं होतं, एवढंच विचारा, आणि आपल्याकडच्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवा. त्यांच्याकडेही तीच अर्धी गोष्ट असू शकते.