गाडी ठरवावी पितृपक्षात, आणावी दसऱ्याला

सांगलीच्या विश्रामबागेतल्या तीन मैत्रिणींनी या महिन्यात एकच प्रश्न विचारला, नवी गाडी कधी घेऊ? म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गाडी आम्ही 2015 च्या दसऱ्याला घेतली. शोरूमबाहेर गाड्यांची रांग, झेंडूचे हार, नारळ, फोटो. घाईघाईत सह्या केल्या आणि तडक कृष्णाकाठच्या गणपतीला नेऊन पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पाहिलं, तर मागच्या डाव्या दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा. "ताई, तुम्ही गाडी तपासून घेतली म्हणून सही केलीय," एवढंच उत्तर मिळालं. तो दरवाजा मी दहा वर्षं रोज बघितला.

2025 मध्ये ठरवलं, पुन्हा असं नाही. 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर येणार होता, वरचा उपकरही जाणार होता. त्याआधीचे दोन आठवडे पितृपक्ष. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पितरांच्या पंधरवड्यात नवं काही नको." म्हटलं, पैसे नाही देत, फक्त बोलून येते. शोरूम रिकामं होतं. विक्रेत्याने दोनदा लांबची ट्रायल दिली, विम्याचे दर आकडा लावून समजावले, वाढीव वॉरंटीवर घासाघीस करू दिली. दसऱ्याच्या गर्दीत हे होत नाही.

घटस्थापनेला बुकिंग केलं, पण नंबर पडण्याआधी, शोरूमवाले गाड्या उभ्या करतात त्या यार्डात जाऊन गाडी बघितली. हे मात्र कराच. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. आमच्या टायरवर 3125 होतं, म्हणजे 2025 चा 31 वा आठवडा, ऑगस्टच्या तोंडावरचा. चारही टायर वाकून बघितले. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म 22 वर, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर असतं, तो मागून घेतला. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर वहीत लिहिला आणि बिलाशी ताडून पाहिला.

सांगलीत आणखी एक बघायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. पुराच्या वर्षी यार्डात उभी असलेली गाडी घेताना पायाखालची मॅट उचलून वास घ्या, सीटच्या पट्ट्याचं टोक पूर्ण बाहेर ओढा. चिखलाची रेघ तिथे राहते. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षणही घ्या, कारण पाण्याने बंद पडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही.

डिसेंबरची सूट मोठी असते, खरं आहे. पण जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. चार-पाच वर्षांत विकणार असाल तर तो फायदा तिथेच जातो. दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या.

2 ऑक्टोबरला, दसऱ्यालाच, गाडी दारात आली. सासूबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी मागच्या डाव्या दारावरून हात फिरवला.