पडलेल्या पोफळी आणि सातबाऱ्यावरची चौदा नावं

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तशी मी चार दिवसांसाठी आईकडे आले, दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत. ते चार दिवस सप्टेंबरपर्यंत लांबले. त्यामुळे 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. वादळाविषयी फार लिहीत नाही. दुपारी कौलं उडत होती आणि आम्ही माजघरात पाटाखाली डोकं घालून बसलो होतो. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं तर समुद्र दिसला. आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नसे, मध्ये आगर होतं, नारळ-सुपारीची बाग.

खरं वादळ पुढे कागदावर झालं.

आगर अकरा गुंठ्यांचं. नारळ, सुपारी, मध्ये जायफळाची दोन झाडं. वडील गेल्यापासून आईच शिंपणं काढते, सुपारी सोलून घेते, शेतसारा भरते. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले, क्षेत्र लिहून घेतलं आणि खातेदाराचं नाव विचारलं. आईने आजोबांचं नाव सांगितलं. आजोबा 1998 साली गेले.

सातबारा काढला. त्यावर चौदा नावं, सगळी सामाईक. त्यातली पाच माणसं हयात नव्हती, वडील धरून. उरलेली विरार, डोंबिवली, एक कुटुंब सुरतेला. आईचं नाव कुठेच नव्हतं.

वाडीत हे घरोघरी होतं. 2011 च्या जनगणनेचं काम मी मुंबईत केलं होतं, तेव्हा आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा पाहिला होता: हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. कुणाला वाटेल, इथे मुलींचं फार कौतुक. तसं काही नाही, पुरुष मुंबईला आहेत! दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याही 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली होती. आमच्या वाडीतल्या बावीस घरांपैकी नऊ घरं फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. झाडं पडली ती म्हाताऱ्या बायकांची, नावं मुंबईकरांची.

तलाठ्यांकडे चार गावं होती आणि वीज कुठेच नव्हती. तरी त्यांनी नीट समजावलं. आधी वडिलांची वारस नोंद करा, म्हणजे आईचं नाव लागेल. मग बाकीच्या हिस्सेदारांची संमती आणा, म्हणजे रक्कम आईच्या खात्यात टाकता येईल. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र दिलं. हरकतीसाठी नोटीस निघते, पंधरा दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. इथेच एक गोष्ट नडली. आईच्या आधारकार्डावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे, याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. आई म्हणाली, "अगो, पन्नास वर्षं या घरात आहे, आता मीच मी आहे म्हणून लिहून द्यायचं?"

तोवर जुलै उजाडला आणि भरपाईचा हिशेबच बदलला. आधी फळबागेला हेक्टरी 50 हजार होते. हेक्टरी ऐकायला मोठं वाटतं, पण गुंठ्याला पाचशे पडतात. म्हणजे आमचे साडेपाच हजार. कोकणातली आगरं अशीच गुंठ्यांवर, एकात एक मिसळलेली, म्हणून ओरड झाली आणि नारळाला झाडामागे 250, सुपारीला 50 रुपये ठरले. आता झाडं मोजायची. पण झाडं होती कुठे? आईने तोवर गडी लावून ओंडके तोडून काढले होते, वाट मोकळी व्हायला नको? फोटो एकही नाही. माझा मोबाईल वादळानंतर आठवडाभर बंदच होता, पुढे बाजारात जनरेटरवर पैसे देऊन चार्ज करून आणायचे.

शेवटी आईने चुन्याची बादली घेतली. चिखलात खुंट शोधून प्रत्येकाला एक बोट ओढत गेली, मी मागून वहीत रेघा मारत. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, 84; माड, म्हणजे नारळाची, 9. कृषी सहायकांनी पांढरी बोटं फिरून मोजली आणि आकडा मान्य केला. दोनदा मोजले मात्र.

राहिल्या संमती. फोनवर सगळे "हो हो" म्हणत, सह्या कोण आणणार? ई-पासशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता. ऑगस्टमध्ये एसटीने चाकरमान्यांना गणपतीला येऊ दिलं, दहा दिवस विलगीकरणात राहून. आमचे आठ जण आले, शाळेत राहिले. चतुर्थीला आरती झाल्यावर मी मोदकांच्या ताटाशेजारी कागद ठेवला.

मोठ्या काकांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला. "आज पैशाला संमती, उद्या जमिनीला म्हणाल."

मला राग आला. पण त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. तीस वर्षं डोंबिवलीच्या एका खोलीत काढलेल्या माणसाला गावच्या सातबाऱ्यावरचं नाव हीच काय ती इस्टेट. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगाल ते वाक्य घालते." त्यांनीच सांगितलं: ही संमती केवळ वादळाच्या नुकसानभरपाईच्या रकमेपुरती असून जमिनीतील हक्काशी तिचा संबंध नाही. त्याखाली सह्या पटापट झाल्या. ज्यांचा सामाईक सातबारा आहे, त्यांनी हे वाक्य आधीच घालावं, माझा महिना वाचला असता. सुरतेहून कागद कुरियरने आला. आत्येने सही केली आणि पाच सुपाऱ्या मागून घेतल्या, हिस्सा म्हणून.

सप्टेंबरात फाइल दिली. दिवाळीनंतर बँकेचा मेसेज आला, माझ्याच मोबाईलवर: 6,450 रुपये. गड्यांची मजुरी त्याहून जास्त झाली होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तो हिशेब कोणत्याच रकान्यात नव्हता. आईने त्या पैशातून श्रीवर्धनी रोठा जातीच्या सुपारीची रोपं आणली आणि नऊ-नऊ फुटांवर लावली. नवा सातबारा मी तिला छापून दिला. तिने बोट फिरवून स्वतःचं नाव शोधलं, बाराव्या ओळीत होतं.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मी मुंबईत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लागला.

"रोपं बारकी आहेत, वाऱ्याला सापडली नाहीत," आई म्हणाली. "विहिरीकडचा एक माड गेला. शेजारच्या पोराकडून फोटो काढून घेतलाय. तू मिळाला म्हणालीस की मग तोडते."